कारभार आज द्या, मालकी मात्र राखून ठेवा

प्रश्न : माझं वय 66, पत्नीचं 61. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळद-बेदाण्याची अडत पेढी आहे. मी आणि धाकटा मुलगा असे दोघेच भागीदार. मोठा मुलगा बारा वर्षांपासून अमेरिकेत आहे, मुलगी कराडला दिली आहे. विश्रामबागेतला बंगला माझ्या कमाईचा, पण तो पेढीच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाला, तारण आहे. शिवाय यार्डात गाळा आणि कुपवाड रस्त्याला गोदाम. तासगाव तालुक्यात वडिलांकडून आलेली 9 एकर द्राक्षबाग आहे. वडील 1988 मध्ये गेले, आई 2006 मध्ये. सातबाऱ्यावर माझ्यासोबत दोन बहिणींची नावं आहेत, पण त्यांनी आजवर काही मागितलेलं नाही. 70 लाखांच्या ठेवी ओळखीच्या पतसंस्थेत आहेत. 2009 मध्ये 22 लाखांना घेतलेला प्लॉट दोन महिन्यांपूर्वी 2 कोटी 60 लाखांना विकला. भावकीतले वाटणीचे दावे बघून जीव विटलाय, म्हणून हयातीतच सगळं मुलांच्या नावावर करून मोकळं व्हावं असं वाटतं. धाकटा म्हणतो, ताईला लग्नात 80 तोळे घातले, आता तिचा विषय नाही. कर वाचवायला सुनेच्या नावावर 40 लाखांची एफडी टाका, असंही एकाने सुचवलंय. काय करावं?
— एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘मोकळं व्हावं’ हा शब्द आम्हाला सर्वांत जास्त खटकला. भांडणं बघून थकलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण सगळं नावावर करून दिल्याने माणूस मोकळा होत नाही, परावलंबी होतो. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की मनात आलं म्हणून ते रद्द करता येत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. म्हणून आमचा सल्ला थेट आहे. पेढीचा कारभार धाकट्याच्या हातात द्यायचा तेवढा आजच द्या. सह्यांचे अधिकार द्या, बाजारातले निर्णय त्याला घेऊ द्या. मालकी मात्र तुमच्या आणि पत्नीच्या हयातीत तुमच्याकडेच राहू द्या आणि ती पुढे कुणाला जाईल ते मृत्युपत्रात लिहा.

पण मृत्युपत्राच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागेल, आणि तो तुम्ही पत्रात अर्ध्या वाक्यात उरकला आहे. तो म्हणजे बहिणींचा.

वडील 1988 मध्ये मृत्युपत्र न करता गेले असतील आणि जमीन त्यांनी स्वतः खरेदी केलेली असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्या दिवशी चार वारस झाले : आई, तुम्ही आणि दोन बहिणी. प्रत्येकाला चौथा हिस्सा. 2006 मध्ये आई गेल्यावर तिचा चौथा हिस्सा तुम्हा तिघांत वाटला गेला. म्हणजे आज प्रत्येकी एक तृतीयांश. नऊ एकरांतले कायद्याने तुमचे तीन एकर. उरलेले सहा एकर तुम्ही कसता, औषधं मारता, छाटण्या करता, पण ते तुमचे नाहीत आणि ते तुम्ही मुलांना देऊ शकत नाही. बहिणी सख्ख्या आहेत, त्या काही मागणार नाहीत, हेही खरं असेल. पण त्यांच्या पश्चात त्यांची मुलं आणि नवरे वारस होतील आणि त्या लोकांशी तुमच्या मुलांचा जिव्हाळा तेवढाच असेल असं नाही. भावकीतले जे दावे तुम्ही बघताय, त्यांतल्या बऱ्याच दाव्यांचं मूळ अशाच न मागितलेल्या हिश्शात सापडेल.

जमीन वडिलांनी घेतलेली नसून आजोबा-पणजोबांपासूनची असेल तर हिशेब वेगळा होतो. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला आहे. मुख्य अपवाद असा, की 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी अबाधित राहते. म्हणजे जमीन वडिलोपार्जित निघाली तर बहिणींचा वाटा कमीजास्त होईल, शून्य होणार नाही. शिवाय त्यात तुमच्या मुलीचाही जन्मसिद्ध हक्क येईल. मग ‘ताईचा विषय नाही’ हे वाक्य कायद्यापुढे टिकणार नाही.

जमीन कोणत्या प्रकारची हे ओळखायचं कसं? आजचा सातबारा हे सांगत नाही. त्यावर फेरफाराचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात, ते उतरवून घ्या आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या प्रत्येक जुन्या फेरफाराची नक्कल काढा. 1988 चा वारस फेरफार हातात आला की त्याच्याही मागे जा. वडिलांच्या नावाची पहिली नोंद ‘खरेदीने’ लागली आहे, ‘वारसाने’ की ‘वाटपाने’, एवढा एक शब्द बघायचा. सगळं त्यावर फिरतं. या नकला हातात नसताना कुणी दस्त करू म्हणालं तर त्याच्याकडे दस्त करू नका.

मग बहिणींशी बोला, आणि बोलायला तुम्ही स्वतः जा. मुलाला किंवा वकिलाला पुढे करू नका. राखीपौर्णिमेला किंवा भाऊबीजेला घरी बोलावून, साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत आपल्याकडे आहे. ती कायद्याला चालत असेल, आम्हाला पटत नाही. त्यांना आधी स्पष्ट सांगा, की तुमचे तीन-तीन एकर आहेत. त्यावर त्या जमीन मागतील, पैसे घेतील किंवा खुशीने सोडतील. जमीन घेणार असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे संमतीने वाटप करून घ्या, प्रत्येकीचा सातबारा वेगळा होईल. सोडणार असतील तर दुय्यम निबंधकांकडे नोंदलेलं हक्कसोडपत्रच हवं. साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदाने स्थावरातला हिस्सा सुटत नाही. आणि रक्कम देणार असाल तर ती बँकेतून द्या, दस्तात दाखवा आणि त्यावर जे मुद्रांक शुल्क बसेल ते भरा. आतून पैसे आणि वरून ‘विनामोबदला’, असा दस्त वीस वर्षांनी उघडतो, तेव्हा कुणाकडेच पुरावा नसतो.

आता प्लॉटचा पैसा. इथे घड्याळ चालू आहे.

नफा 2 कोटी 38 लाखांचा. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर 12.5 टक्के म्हणजे 29 लाख 75 हजार. त्यावर 15 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर धरला तर कर साधारण 35 लाख 58 हजार होतो. महागाई निर्देशांक लावून 20 टक्के भरायचा पर्यायही आहे, पण तुमच्या आकड्यांना तो महागच पडतो. विक्रीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत 50 लाखांपर्यंत भांडवली नफ्याचे करसवलत रोखे घेतले तर करपात्र नफा 1 कोटी 88 लाखांवर येतो आणि कर 28 लाख 10 हजारांच्या आसपास. वाचले साडेसात लाख. रोखे पाच वर्षं अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्क्यांच्या घरातलं, तेही करपात्र. सात टक्क्यांच्या एफडीशी तुलना केली तर वर्षाला साडेसत्त्याऐंशी हजार, पाच वर्षांत सुमारे 4 लाख 40 हजार व्याज कमी मिळेल. तरीही साडेसात लाख आजच वाचत असल्याने रोखे घ्यावेत. प्लॉट पती-पत्नी दोघांच्या नावावर आणि दोघांच्या पैशाने घेतलेला असेल तर 50 लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी मिळते. दस्त काढून बघा.

कुणी म्हणेल, सगळा पैसा घालून पुण्यात फ्लॅट घ्या, कर शून्य होईल. नियम तसा आहे, पूर्ण सवलतीसाठी विक्रीची सगळी रक्कम घरात घालावी लागते. पण 28 लाखांचा कर वाचवायला 66 व्या वर्षी अडीच कोटी विटांत अडकवायचे, भाडेकरू सांभाळायचे, आणि उद्या दवाखान्यासाठी पंधरा लाख लागले तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. आम्ही असा फ्लॅट घेऊ देणार नाही. कर भरा. भरलेल्या करानंतरचा पैसा पूर्ण तुमचा असतो.

कर आणि रोखे वजा जाता हातात 1 कोटी 82 लाखांच्या आसपास राहतील. हा पैसा मुलांचा नाही, तुम्हा दोघांच्या म्हातारपणाचा आहे. आधी हे पक्कं करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमच्या नावावर 30 लाख आणि पत्नीच्या नावावर 30 लाख ठेवा. 8.2 टक्के दराने दोघांचं मिळून तिमाहीला 1 लाख 23 हजार व्याज थेट खात्यात येईल. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण एकदा ठेवलेल्या रकमेला तोच दर पाच वर्षं राहतो. पैसा तुम्ही दिला असल्याने पत्नीच्या ठेवीचं व्याज कायद्याने तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. म्हणजे कर वाचणार नाही. तरीही तिच्या नावावरच ठेवा, कारण इथे हेतू कर वाचवण्याचा नाही. तुमच्या माघारी तिला धाकट्याकडे किंवा सुनेकडे हात पसरावा लागू नये, हा आहे. चाळीसएक लाख रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या रोख्यांत ठेवा, त्याला वरची मर्यादा नाही, मुदत सात वर्षं. तीस लाख आजारपणासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत, मोडता येतील अशा छोट्या-छोट्या एफडींत. उरलेला पैसा वर्ष-दीड वर्षात थोडाथोडा करून म्युच्युअल फंडात घाला, कारण तुमच्या दोघांपैकी एकाला तरी अजून पंचवीस वर्षं जगायचं आहे आणि नुसत्या व्याजाला महागाई खाते. यातला एक रुपयाही पेढीच्या खेळत्या भांडवलात जाऊ देऊ नका, हळदीला भाव कितीही चढलेला असो.

पतसंस्थेतल्या 70 लाखांनी आम्हाला काळजीत टाकलं. बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते अजिबात नसतं, एक रुपयालाही नाही. चेअरमन ओळखीचे आहेत, व्याज एखाद-दीड टक्का जास्त मिळतं, हे खरं. पण परवाना रद्द झालेल्या सहकारी बँका आणि टाळं लागलेल्या पतसंस्था सांगली-सातारा पट्ट्यातल्या लोकांनी पाहिल्या आहेत, आणि तिथेही ठेवीदारांच्या ओळखी होत्याच. एकदम सगळं मोडू नका, उगाच बोभाटा होईल आणि मुदतीआधीचं व्याजही जाईल. जी ठेव पिकेल ती परत ठेवू नका, एवढं केलं तरी वर्ष-दीड वर्षात बाहेर पडाल. संस्था पिकलेली ठेव द्यायला टाळाटाळ करू लागली तर मात्र थांबू नका, लेखी मागणी करून पोच घ्या आणि पोच न दिल्यास त्याच दिवशी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज द्या.

सुनेच्या एफडीचा सल्ला सरळ चुकीचा आहे. सासऱ्याने सुनेला विनामोबदला दिलेल्या पैशाचं व्याज सासऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. 40 लाखांवर सात टक्क्यांनी येणारे 2 लाख 80 हजार तुमच्याच विवरणपत्रात येतील, कर तुम्हीच भराल, आणि मुद्दल मात्र तुमचं राहणार नाही. तीच रक्कम सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिली तर व्याज त्यांच्याकडे जातं. पण तेही आज नको.

पेढीत एक धोका आहे आणि तो बहुधा तुमच्या सीएंनीही कधी बोलून दाखवला नसेल. भागीदार दोनच असले की एकाच्या मृत्यूनंतर भागीदारी संपते, करारनाम्यात काहीही लिहिलेलं असो, कारण एकट्याची भागीदारी असूच शकत नाही. हे ऐन हळदीच्या हंगामात झालं तर बँक पेढीचं खातं थांबवेल, धाकट्याला नव्या नावाने जीएसटी नोंदणी करावी लागेल, बाजार समितीचा परवाना बदलून घ्यावा लागेल आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, देण्यासाठी हातात पैसा नसेल. अडत्याची पट्टी एकदा थांबली की शेतकरी पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दारात माल उतरवतो. यावर उपाय सोपा आहे. तिसरा भागीदार घ्या, पत्नी किंवा सून. करारनाम्यात दोन कलमं घाला : भागीदाराच्या मृत्यूने पेढी संपणार नाही, आणि मृत भागीदाराच्या भांडवल खात्यातली शिल्लक त्याच्या वारसांना चोवीस महिन्यांत, आठ तिमाही हप्त्यांत दिली जाईल. दुसरं कलम विशेष महत्त्वाचं. ते नसेल तर थोरला किंवा मुलगी सगळे पैसे एकदम मागू शकतात आणि धाकट्याला माल विकून ते द्यावे लागतील. नवा करारनामा भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवा आणि बँकेला कळवा. यार्डातला गाळा बाजार समितीच्या भाडेपट्ट्याने असेल तर तो पुढे कुणाच्या नावावर चढू शकतो, त्याला काय परवानगी लागते, हेही समितीत विचारून ठेवा.

बंगला कॅश क्रेडिटला तारण आहे, म्हणजे राहतं घर हळदीच्या भावाशी बांधलेलं आहे. त्यावर तुमची वैयक्तिक जामीनकीही असणारच. जामीनदार गेला तरी तोपर्यंतच्या थकबाकीसाठी त्याच्या मालमत्तेवर बँक हात टाकू शकते, आणि ती मालमत्ता ज्याच्या वाट्याला गेली त्याला ते भोगावं लागतं. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी बँकेला बंगल्याऐवजी गोदाम तारण घ्यायला सांगा. गोदामाचं मूल्यांकन कमी पडलं तर कर्जाची मर्यादा थोडी कमी करून घ्या. मर्यादा कमी झाली म्हणून धाकटा कुरकुर करेल, करू द्या. बंगला मोकळा झाल्याशिवाय मृत्युपत्रात ‘बंगला पत्नीस’ हे दोन शब्द लिहिण्यात काही अर्थ नाही.

आता मृत्युपत्र. कुणाला काय द्यावं हे तुम्ही ठरवायचं, पण एक मांडणी सुचवतो. पेढीतलं तुमचं भांडवल, गाळा आणि गोदाम धाकट्याला, कारण तो तिथे राबतो आणि कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे. बंगला पत्नीला, पूर्ण मालकीने. बरेच लोक ‘हयातीपर्यंत राहण्याचा हक्क पत्नीस, नंतर मुलास’ असं लिहितात. स्त्रीला दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलतो की नाही, यावर कोर्टात पिढ्यान् पिढ्या खटले चालले आहेत. त्या वाटेला जाऊच नका. तिला पूर्ण द्या आणि तिला तिचं मृत्युपत्र करू द्या. रोखे, फंड, ठेवी थोरल्याला आणि मुलीला. बागेतला तुमचा हिस्सा बहिणींचं ठरल्यावर.

मुलीबद्दल थोडं जास्त लिहितो. लग्नातले 80 तोळे हे तिचं स्त्रीधन आहे, मालमत्तेतला हिस्सा नव्हे. तुमच्या कमाईच्या मालमत्तेतून तिला किती द्यायचं हा अधिकार तुमचा आहे, कमी दिलंत तरी कायदा आडवा येणार नाही. पण तो निर्णय धाकट्याच्या तोंडून होऊ देऊ नका. धाकट्याला पेढी आणि गोदाम मिळतंय, तेव्हा तिला आकड्यात भरेल असं काहीतरी मिळायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते पैशाच्या रूपात द्या, गाळ्यातला सहावा हिस्सा वगैरे देऊ नका. कराडला बसून तिला गाळ्याच्या हिश्शाचा काही उपयोग नाही, आणि धाकट्याच्या प्रत्येक कर्जाच्या कागदावर मात्र तिची सही लागत राहील.

थोरल्याच्या बाबतीत दोन बारकावे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन खरेदी करता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते. म्हणजे बागेतला हिस्सा बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करायचा बेत मुळातच बसत नाही. दुसरं, अमेरिकेत राहणाऱ्याच्या नावावर भारतीय म्युच्युअल फंड आले की तिथले कराचे नियम फार जाचक आहेत. त्याला ठेवी आणि रोखे द्या, फंड मुलीला. आणि ‘बाबा, मला काही नको’ हे फोनवरचं वाक्य कागदावर धरू नका. त्याला नकोच असेल तर मृत्युपत्रात त्याला न देण्याचं कारण एका ओळीत लिहा, म्हणजे पुढे ‘विसरले’ असं कुणी म्हणणार नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. तरी नोंदवाच, खर्च किरकोळ आहे. दोन साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान, ज्यांना काही मिळत नाही असे, शक्यतो सांगलीतच राहणारे. दोघांनी तुम्हाला सही करताना बघितलं पाहिजे. त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्या, की तुम्ही शुद्धीवर आहात आणि कागद समजून सही करत आहात. प्रत्येक पानावर सही करा. वकील तुम्ही ठरवा, फी तुम्ही द्या. ज्या मुलाला जास्त मिळतंय त्याने वकील आणला, गाडीतून नेलं आणि तो खोलीत बसून राहिला, तर मृत्युपत्राला आव्हान देणाऱ्याला आयता मुद्दा मिळतो. मिळकती लिहिताना गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर उताऱ्यावरून जसेच्या तसे उतरवा. ठेवींचे नंबर मात्र लिहू नका, त्या दरवर्षी बदलतात. त्याऐवजी ‘माझ्या सर्व ठेवी, रोखे व गुंतवणुकी अमुक प्रमाणात’ असं लिहा. शेवटी एक शिल्लक कलम हवंच : वर न लिहिलेलं जे काही निघेल ते अमक्याला. हे कलम राहून गेलं की विसरलेला एक प्लॉट किंवा एक लॉकर सगळ्यांना पुन्हा कोर्टात नेतो.

नॉमिनीवर विसंबू नका. बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात, पण नॉमिनी हा पैसा ताब्यात घेणारा असतो, मालक वारसच. शेअर आणि फंडांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं आहे. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा, म्हणजे दोघांत ओढाताण होत नाही.

एवढं सगळं वाचूनही हयातीत काही द्यावंसं वाटलं, उदाहरणार्थ धाकट्याला गोदाम, तर बक्षीसपत्रात एक कलम स्पष्ट लिहा : देणाऱ्याचा आणि त्याच्या पत्नीचा सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याची सोय घेणारा करील, या अटीवर हे बक्षीस आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात, कलम 23 खाली, अशी अट मोडली तर न्यायाधिकरण हस्तांतर रद्द करू शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो. अट दस्तात नसेल तर हक्क सिद्ध करणं फार अवघड जातं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालाने दाखवलं. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आहे, पण त्या भरवशावर अट गाळू नका. राहत्या घराला आणि शेतजमिनीला मुलांच्या नावाने बक्षीसपत्र करताना मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत गाळ्याला आणि गोदामाला नाही. तिथे बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क बसतं, हेही बेत करताना धरा.

कागद कुठे ठेवता? 2005, 2019, 2021, तीन महापूर सांगलीने पाहिले. तळमजल्याच्या तिजोरीत मूळ खरेदीखतं ठेवू नका. ती बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वरच्या मजल्यावर ठेवा आणि प्रत्येक कागदाचा स्कॅन तिन्ही मुलांकडे असू द्या. गोदामातल्या मालाचा विमा पुरासह आहे ना, आणि विम्याची रक्कम हंगामातल्या सर्वाधिक साठ्याइतकी आहे ना, तेही बघा. मार्चमधला साठा ऑगस्टच्या आकड्याने उतरवला असेल तर भरपाई त्याच प्रमाणात कापून मिळते.

हे झालं की तिन्ही मुलांना एकत्र बसवा. थोरला व्हिडिओवर चालेल, जावई आणि सून त्या दिवशी नकोत. मृत्युपत्र वाचून दाखवायची गरज नाही, मांडणी आणि त्यामागचं कारण सांगा. धाकट्याला सर्वांसमोर सांगा, की पेढी तुझी, आणि ताईचा वाटा हा माझा निर्णय आहे.

तुमच्या पत्रात पत्नीचा उल्लेख वयापुरता आला आहे. वकिलाकडे पहिल्या भेटीला त्यांना सोबत न्या. बंगला, ठेव आणि अंगावरचं सोनं त्यांचं होणार असेल, तर मृत्युपत्र त्यांचंही त्याच दिवशी, दुसऱ्या टेबलावर, तुम्ही बाहेर बसलेले असताना व्हायला हवं. आणि या आठवड्यात प्लॉटच्या विक्रीखताची तारीख बघा. दोन महिने गेलेत, रोख्यांसाठी चारच उरले आहेत.